ड्रॉपचं आत्ताच ठरवू नका

अमळनेरच्या ताईंनी इथे विचारलंय: लेकीचं आयआयटी हुकलं, ती खोलीबाहेर येत नाही, काय करू? वरच्या कमेंटमध्ये बहुतेकांनी 'एक वर्ष ड्रॉप घे', म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा दे, असं सांगितलंय. मला ते घाईचं वाटतं. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड ही आयआयटीची प्रवेश परीक्षा सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते. म्हणजे पुढच्या वर्षी एकच संधी. ती घ्यायची का हे पोरीनं ठरवावं, आणि निकालाच्या आठवड्यात तर नकोच. सीईटीच्या कॅप फेरीचे (राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशाचे) पर्याय मात्र भरून ठेवा; त्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत.

खरा त्रास नातेवाइकांचा. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही 'पोरगीले कितला मार्क पडनात?' सुटत नाही. उत्तर ताई, तुम्ही द्या, तिला पुढे करू नका. शेजारचा पोरगा कोट्याला कोचिंगला गेला होता, हे तर घरात काढूच नका. (आमच्या गल्लीत तोच विषय असतो.) रडतेय तर रडू द्या. पण जेवण-झोप तुटली, 'जगून काय करू' असं बोलली, तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आणि जळगावच्या सरकारी अभियांत्रिकीतून शिकूनही गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.टेक.ला जाता येतं. गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते, कितीही वेळा.