मदत हवी आहे: दहावी झालेल्या पोरासाठी साइड कुठली? सोमवारच्या आत ठरवायचंय

विटेकर | गुरुवार, रात्री १०:४०
नमस्कार. थोडक्यात लिहितो, वेळ नाही. अकरावीच्या फॉर्मचा भाग दोन सोमवारी संध्याकाळी बंद होतोय. पोराला काहीही विचारलं की "तुम्ही म्हणाल ते" एवढंच. आवड कशातच नाही. हुशार आहे असं मास्तर म्हणतात, मार्कांत ते दिसत नाही. सांगली-साताऱ्यात कल तपासून देणारं खात्रीचं कुणी आहे का? नसेल तर सरळ सांगा, सायन्स की कॉमर्स? कृपया उपयोगाचंच लिहा.

कृष्णाकाठ | रात्री १०:५२
मार्क किती? गणित आणि विज्ञान वेगळे सांगा. नुसतं "हुशार आहे" यावर कोण काय सांगणार?

दोन_सीएनसी | रात्री ११:०५
मार्क काही का असेनात, डिप्लोमा. मला दहावीला ५८ टक्के होते. तीन वर्षं डिप्लोमा, मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात. बारावी नाही, सीईटी नाही. आज कुपवाड एमआयडीसीत स्वतःची दोन मशीन आहेत. माझ्याबरोबरचे बारावी सायन्सवाले अजून पुण्यात खोल्या बदलतायत.

कंदी_पेढा | रात्री ११:२०
उंची किती आहे? १६५ सेंमीच्या वर असेल तर आत्तापासून पळायला लावा. पोलीस भरतीला बारावी लागते, मग साइड कुठलीही चालते. आमच्याकडं अपशिंगे मिलिटरीला या एकदा, घराघरात फौजी बघायला मिळतील. तिथं कुणी कल तपासला होता?

ठसा_तज्ज्ञ | रात्री ११:३४
सर, बोटांच्या ठशांवरून मुलाची जन्मजात बुद्धिमत्ता आणि योग्य करिअर कळतं. दहा बोटं स्कॅन, ३० पानी रंगीत अहवाल. घरी येऊन करतो. इनबॉक्स बघा.

अर्धा_कप | रात्री ११:४१
बोटांवरच्या रेघा आईच्या पोटातच पक्क्या होतात. त्यांच्यावरून बुद्धी किंवा करिअर कळतं याला काडीचाही शास्त्रीय आधार नाही. विटेकर, त्या पैशात पोराला चप्पल घ्या.

ठसा_तज्ज्ञ | रात्री ११:४३
अनुभव घेतल्याशिवाय बोलू नये.

निवृत्त_मास्तर | शुक्रवार, पहाटे ५:१०
२०१६ पासून काही वर्षं बोर्डच दहावीच्या मुलांची कलचाचणी घेत असे. सात क्षेत्रं होती: ललित कला, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, कृषी, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. आमच्या शाळेत चालू संगणक सहा. पोरं बाहेर ओळीत उभी राहून आतल्याला विचारायची, "तू काय टिकलंस?" निम्म्यांना गणवेशधारी निघालं, कारण गावात नुकतीच भरती होऊन गेली होती. कल म्हणजे ओढ. जमतं का, ते अभिक्षमतेत कळतं. आणि जे कधी पाहिलंच नाही, त्याची ओढ कुठून लागणार? तेव्हा चाचणी करा, पण निकाल म्हणून वाचू नका. हा दिवसभर स्वतःहून काय करतो?

विटेकर | शुक्रवार, सकाळी ८:१५
एवढी चौकशी होईल असं वाटलं नव्हतं. ७१.४० टक्के. मराठी ८४, समाजशास्त्र ८२, हिंदी ७२, विज्ञान ६३, इंग्रजी ५६, गणित ४८. उंची मोजलेली नाही. स्वतःहून काही करत नाही. मोबाइल आणि नसता नाद. माझा मुलगा नाही, भाचा आहे. पाचवीपासून आमच्याकडं विट्याला असतो. दाजींचं तामिळनाडूत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं, दुकान आहे, ताई तिकडंच. दाजी सोमवारी सकाळी गाडीतनं उतरणार, त्याआधी मला उत्तर पाहिजे.

कृष्णाकाठ | सकाळी ८:२२
अहो, हे पहिल्यांदा सांगायचं की! म्हणजे दाजींना पोरगं दुकानात पाहिजे आणि तुम्ही मधे अडकलाय, असं ना? आणि बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये, म्हणजे सहापैकी चांगले पाच विषय धरतात त्यात, तुमचं गणित बाहेर गेलंय, म्हणून ७१ दिसतायत.

विटेकर | सकाळी ८:३०
तसंच समजा.

मूस_आणि_भट्टी | सकाळी ९:०२
मी गलाईवाल्याचाच. दाजींना एक विचारा, अजून दहा वर्षांनी दुकान आत्तासारखंच चालणार का? १६ जून २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्यानं आली. आता गिऱ्हाईक सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा नंबर बघतं. आमच्या आजोबांनी कसोटीवर घासून टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, सांगितला, वडिलांनी अॅसिडवर. आता हॉलमार्क सेंटरला एक्सआरएफ (क्ष-किरणांचं) मशीन आधी वाचतं, मग भट्टीत तपासणी होते. पोरानं मेटलर्जीचा डिप्लोमा करावा. घरचा धंदाही राहतो, शिक्षणही होतं.

दोन_सीएनसी | सकाळी ९:१०
बघा, डिप्लोमाच.

कृष्णाकाठ | सकाळी ९:१४
गणित ४८, विज्ञान ६३ आणि डिप्लोमा? पहिल्याच वर्षी मॅथ्सला बॅक लागेल.

दोन_सीएनसी | सकाळी ९:१५
मला लागली होती. काढली.

अक्का_मिरज | सकाळी ११:४८
विटेकर, "नसता नाद" कसला ते सांगितलं नाही. मी १४ वर्षं शाळेत समुपदेशक आहे, आईबाप नेमकं हेच गाळतात. व्यसनाबिसनाचं असेल तर साइड राहू द्या, आधी त्याच्याशी बोला.

विटेकर | दुपारी १:३०
व्यसन नाही हो. बैलगाडी शर्यत. एक रविवार सोडत नाही. घरात बैल नाही, गोठा नाही, आणि हा मैदानाला. वही घालून ठेवलीय त्याची. परवा बंबात घालणार होतो, बायकोनं काढून घेतली.

कंदी_पेढा | दुपारी १:३६
कुठल्या मैदानाला जातो? परवाची फायनल बघितली का त्यानं? पंचांनी झेंडा चुकवला असं आमचं म्हणणं आहे.

अर्धा_कप | दुपारी १:४०
मुक्या जनावरांना पळवण्याचं कौतुक नको.

कंदी_पेढा | दुपारी १:४२
सुप्रीम कोर्टानं २०२३ च्या मे महिन्यात निकाल दिलाय. विषय संपला.

अर्धा_कप | दुपारी १:४३
कोर्टानं परवानगी दिली म्हणून बैलाला विचारलं असं होत नाही.

(पुढचे अकरा प्रतिसाद बैलांवर असल्यामुळे वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

अक्का_मिरज | दुपारी ३:०५
वहीत काय आहे? जसं आहे तसं लिहा.

विटेकर | रात्री ९:२०
बायकोकडनं मागून घेतली. दोनशे पानी, पाऊण भरलेली. पट्टीनं रेघा मारून खाने केलेत: तारीख, मैदान, गट, तास (गाडी पळायची पट्टी), डावा, उजवा, दात, माती, नंबर. डावा-उजवाखाली बैलांची नावं. दाताच्या खान्यात आदत, दुसा, चौसा, म्हणजे दातांवरून बैलाचं वय. मातीच्या खान्यात "भुसभुशीत", "काल पाऊस", "टँकरनं पाणी मारलं". मागच्या पानावर तास १ ते ७, प्रत्येकापुढं उभ्या काड्या आणि पाचवी आडवी. सहाव्या तासापुढं बारीक अक्षरात: "माती ओली असेल तरच". हे काय आहे मला कळत नाही. जुगार तर नसेल?

निवृत्त_मास्तर | रात्री ९:४१
पाचवी काडी आडवी म्हणजे ताळ्याच्या खुणा. त्यापुढं आकडे लिहिले की वारंवारता सारणी. मी ३१ वर्षं फळ्यावर काढली, एका पोरानं घरी जाऊन काढली नाही. माती ओली आणि कोरडी वेगळी केली म्हणता? ते मी शिकवलेलंही नाही. सराव परीक्षेचे बीजगणित, भूमिती वेगवेगळे सांगा.

विटेकर | रात्री ९:५५
४० पैकी बीजगणित २७, भूमिती ११.

निवृत्त_मास्तर | रात्री ९:५८
मग त्याला गणित येत नाही असं म्हणू नका. त्याला प्रमेयं येत नाहीत.

शेणामातीचा | रात्री १०:१०
एवढा बैलांचा नाद आहे तर पशुवैद्य करा की! शिरवळला सरकारी कॉलेज आहे, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं. अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो घ्यायचं. गणित नको असेल तर चौथा विषय भूगोल घेता येतो. मग नीट ही प्रवेश परीक्षा. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं.

कृष्णाकाठ | रात्री १०:१६
"मग नीट" असं म्हणालात जसं काय कोपऱ्यावरनं दूध आणायचंय.

अक्का_मिरज | रात्री १०:३०
शेणामातीचा यांचं लगेच खोडू नका. पण दोन वर्षं आणि क्लासची फी घालण्याआधी एक दिवस घाला. विटेकर, उद्या शनिवार आहे. ओळख काढा आणि पोराला जनावरांच्या दवाखान्यात नेऊन बसवा. तुम्ही तिथं थांबू नका. घरी आला की "आवडलं का" विचारायचं नाही, "काय काय बघितलंस" विचारायचं. कशाबद्दल जास्त बोलतो ते लिहून ठेवा. अभिक्षमता चाचणीही करा, पण प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून, आणि घाईनं सोमवारच्या आत नको. फॉर्मला तिचा दाखला लागत नाही.

कृष्णाकाठ | रात्री १०:३८
आणि फॉर्मचं नीट ऐका. आता सगळ्या राज्यात ऑनलाइन आहे, विट्याला सुटका नाही. दहापर्यंत पसंती भरता येतात, पण पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळं "टाकून बघू" म्हणून पहिल्या नंबरला काहीतरी टाकू नका.

विटेकर | शनिवार, रात्री ८:५०
नेला होता. ओळखीचे डॉक्टर आहेत. सकाळी एका खिलार बैलाच्या शिंगाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं. भुलीचं इंजेक्शन दिलं तोवर ठीक. करवत लावली आणि आमचे पैलवान भिंतीला धरून खाली बसले. डॉक्टरांनी पाणी पाजून बाहेरच्या टेबलावर बसवलं. दुपारी मी गेलो तर हा केसपेपरचं रजिस्टर घेऊन बसलेला. कुठल्या गावातनं कुठल्या महिन्यात काय आजार जास्त येतो त्याचं एक पान काढून दिलं. डॉक्टर म्हणाले, हे मला दर महिन्याला करून देशील का? घरी येताना गाडीवर बैलाबद्दल एक शब्द नाही. रजिस्टरमध्ये गावांची नावं तीन-तीन पद्धतीनं लिहिलीत म्हणून चिडला होता.

शेणामातीचा | रात्री ९:०२
पहिल्या वेळी मलाही चक्कर आली होती. सवय होते.

अक्का_मिरज | रात्री ९:१५
होते. पण चिडला कशावर ते बघा.

मूस_आणि_भट्टी | रात्री ९:३०
दुकानाला असाच माणूस लागतो. आमच्यात तोटा भट्टीत कमी होतो, वहीत जास्त होतो.

निवृत्त_मास्तर | रविवार, पहाटे ५:०५
कॉमर्सला "गणित व संख्याशास्त्र" हा विषय घेता येतो. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात असतोच असं नाही, त्याच्याऐवजी बरेच ठिकाणी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) देतात. पसंती भरण्याआधी कॉलेजात फोन करून विचारा. हे त्याच्यापुढं ठेवा, "घे" म्हणू नका.

दोन_सीएनसी | रविवार, सकाळी ७:४०
मी अजून डिप्लोमावर ठाम आहे. नोंद असावी.

विटेकर | सोमवार, दुपारी ४:१०
फॉर्म लॉक केला. कॉमर्स, गणितासकट. भूमिती किती आहे ते त्यानं आधी पुस्तक मागून बघितलं, मग हो म्हणाला. पसंती चारच भरल्या, त्याही त्यानंच. दाजी सकाळी आलेत. अजून झोपलेत, त्यांना सांगितलेलं नाही. वही त्यांच्या उशाला ठेवलीय. पुढचं रात्री लिहितो.

कंदी_पेढा | दुपारी ४:१८
अभिनंदन. ते सहाव्या तासाचं खरं आहे का एवढं विचारा ना. रविवारी आमची गाडी आहे आणि पाऊस सांगितलाय.

विटेकर | दुपारी ४:२५
विचारलं. म्हणतो, आधी माती कुठली ते सांगा. काळी का मुरमाड?