मदत हवी आहे: शाळेतून खाऊची पिशवी देताना मुलांना लाज वाटू नये म्हणून काय करता?

आम्ही काही पालक मिळून शाळेतल्या अडचणीतल्या घरच्या मुलांना शनिवार-रविवारसाठी खाण्याची पिशवी देतो, कारण शाळेत जेवण मिळतं पण सुट्टीत काय हा प्रश्न राहतोच. सामान आहे, शाळेचा पाठिंबाही आहे, अडतंय ते फक्त हातात देताना. सुरुवातीला ऑफिसमधून न्यायला सांगितलं तर मोठ्या वर्गातली मुलं यायचीच बंद झाली, मग मधल्या सुट्टीत टीचरनी गुपचूप दप्तरात ठेवून बघितलं, पण पिशवी फुगते आणि शेजारचा लगेच विचारतो "काय आहे रे त्यात?" एका मुलीने तर पिशवी बाकाखालीच सोडली, फार वाईट वाटलं.

सगळ्या वर्गाला द्यायचं तर तेवढा फंड नाही. नावं फक्त शाळेकडे असतात, आम्हाला नकोही आहेत, म्हणून घरपोच जमत नाही. फ्रीज नाही, त्यामुळे सगळं टिकणारं आणि न शिजवता खाता येईल असंच देतो, अ‍ॅलर्जीचं शाळा बघते.

पालकांनाच बोलावून द्यावं तर कामाच्या वेळा आड येतात. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी प्लीज सांगा, मोठ्या मुलांपर्यंत पिशवी इतरांच्या नजरेत न येता कशी पोचवता, आणि कोणत्या वेळी?