रवांडाचा २० वर्षांचा आयटी प्लॅन – कुणी अभ्यास केलाय का?

रंकाळा_काठ:
नमस्कार मंडळी, शिवाजी विद्यापीठात एमए इकॉनॉमिक्सला आहे, सेमिनारला रवांडा घेतलाय. १९९४ च्या नरसंहारात देश पार उद्ध्वस्त झालेला, समुद्रकिनारा नाही, आणि तरी २००० साली व्हिजन २०२० काढून ठरवलं की शेतीवरच्या देशाची अर्थव्यवस्था ज्ञानावर उभी करायची. त्यासाठी आयटीचा प्लॅन, पाच-पाच वर्षांचे चार टप्पे, २००१ पासून. लोकांच्या पोटाची भ्रांत असताना आधी कॉम्प्युटर, हे बरोबर होतं का?

साकोली_कॉर्नर:
भावा, आधी कॉम्प्युटर असं ठरलंच नव्हतं तिथं. पहिल्या टप्प्यात कायदे, नियामक संस्था, टेलिकॉम खुलं करणं, २००६ ते १० मध्ये फायबर आणि डेटा सेंटर, सेवा तिसऱ्या टप्प्यात. हा क्रमच खरा अभ्यासायसारखा हाय. आणि २००९ ला पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नव्या समुद्री केबल आल्या, तोवर सगळं महागड्या सॅटेलाइटवर, ते पण धर हिशोबात.

उद्यमनगरकर:
क्रम कागदावर बरोबर, पण शाळांचं बघ की. २००८ पासून पोरांना लॅपटॉप वाटले, आकडा २ लाखांच्या वर गेला, आणि कितीतरी शाळांत लाईटच नव्हती, मग चार्ज कुठं करणार आणि शिकवणार कोण? आम्ही कारखान्यात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, घ्यायच्या आधी ऑपरेटर बघतो, मगच मशीनला ॲडव्हान्स देतो. देशाच्या प्लॅनमध्ये मास्तरांचं ट्रेनिंग पहिल्या पानावर पाहिजे असं माझं स्पष्ट मत हाय.

वारणेचा_शेतकरी:
आपल्याकडं १९९८ ला वारणा वायर्ड व्हिलेज झालंच की, साखर कारखान्याच्या भागातल्या ७० गावांत कॉम्प्युटरचे बूथ. शेतीची माहिती, बाजारभाव, लय काय काय देणार होते, पण माणसं यायची ती उसाचं वजन किती भरलं, बिल किती निघालं, खताची उधारी किती कापली हे बघायला. पुढं काही गावांत तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून बघितलं आणि ते चाललं, कारण गरज तीच होती. रवांडात २०१६ ला मुहांगाहून ड्रोननं दवाखान्यांना रक्त पोचवायला लागले ते पण असंच, डोंगराचे रस्ते, पावसात गाडीला लय वेळ लागतो, आणि बाळंतिणीला रक्तस्राव झाला तर थांबायला वेळ नसतो. ड्रोन उतरत पण नाही, वरनंच पॅराशूटनं खोकं सोडतो. सेमिनारमध्ये प्रत्येक योजनेपुढं लिही, ही मागितली कुणी होती.

रंकाळा_काठ:
दादा, हे लय कामाचं सांगितलं. लॅपटॉप आणि ड्रोन शेजारी-शेजारी ठेवूनच मांडतो. वारणेच्या बूथवर त्या वेळी काम केलेलं कुणी ओळखीत असेल तर सांगा, येऊन भेटतो.