मदत हवी आहे : ज्याँ पहिला जगला असता, तर कथेतले युद्ध कशावरून पेटवावे?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या निमित्ताने एक दीर्घकथा लिहायला घेतली होती, ती साठाव्या पानावर अडली आहे. कथा जर-तरच्या इतिहासाची आहे. फ्रान्सच्या कापे घराण्याची थोरली पाती १३२८ मध्ये निर्वंश झाली. ती तशी झाली नसती तर काय घडले असते, एवढाच तिचा विषय. मध्ययुगीन फ्रान्सचा ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावे, कारण घराणे कसे वाचवावे हे मला सुचलेले आहे. ते वाचल्यावर भांडायला काय उरते, हे सुचत नाही.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ह्यू कापे ९८७ मध्ये गादीवर आला, तेव्हापासून १३१६ पर्यंत, म्हणजे सव्वातीनशेहून अधिक वर्षे, या घराण्यात बापानंतर मुलगा हा क्रम एकदाही तुटला नाही. जून १३१६ मध्ये लुई दहावा व्हँसेन येथे चेंडूचा खेळ खेळून घामाघूम झाला, त्यावर थंडगार वाइन प्यायला आणि आजारी पडून सव्विसाव्या वर्षी वारला, असे सांगतात. पहिल्या राणीपासून झालेली चार-पाच वर्षांची जान ही मुलगी होती. परंतु तिची आई व्यभिचाराच्या आरोपावरून १३१४ मध्ये कैदेत पडली होती, त्यामुळे पोरीच्या जन्माविषयीच कुजबूज चालत असे. दुसरी राणी क्लेमाँस गरोदर होती. १५ नोव्हेंबरला तिला मुलगा झाला, तो ज्याँ पहिला. तो जेमतेम पाच दिवस जगला. कारभार पाहणारा त्याचा काका फिलिप जानेवारी १३१७ मध्ये रँस येथे स्वतःला अभिषेक करवून मोकळा झाला आणि पुढच्याच महिन्यात पॅरिसच्या सभेने स्त्रीला फ्रान्सची गादी मिळत नाही असे ठरवून टाकले. पुढे फिलिप आणि त्याचा धाकटा भाऊ शार्ल हेही पुत्रावाचून गेले आणि गादी व्हालुआ या चुलत शाखेकडे गेली.

कथेचे बीज मात्र आपल्याकडचे आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर गंगाबाईंच्या पोटातील मुलाच्या भरवशावर बारभाईंनी कारभार हाती घेतला; ते मूल १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मले आणि जगले. पॅरिसमध्ये प्रसंग तोच, फरक इतकाच की तिथे काकाच कारभारी होता आणि मूल जगले नाही. सँ-दनी येथे, म्हणजे फ्रान्सच्या राजांच्या दफनाच्या चर्चमध्ये, लुईच्या शेजारी या बाळाची लहानशी संगमरवरी मूर्ती आहे. तिचे छायाचित्र लिहिताना मी समोर ठेवतो. ती पाच दिवसांच्या अर्भकाची नाही. दोन पायांवर उभा राहू लागलेल्या मुलाची वाटते.

पहिल्या खर्ड्यात माझ्या हातून एक ढोबळ चूक झाली होती. १३१६ च्या दरबारात मी एका सरदाराच्या तोंडी सॅलिक कायदा, म्हणजे स्त्रीला वारसा नाकारण्यासाठी पुढे पुढे केला गेलेला जुना फ्रँक कायदा, घातला होता. त्या कायद्याचा आधार वारसाहक्कासाठी कित्येक दशकांनंतर शोधून काढण्यात आला, हे एका वाचणाऱ्या मित्राने दाखवून दिले आणि ती तीन पाने काढून टाकावी लागली. आता माझी मांडणी अशी आहे. ज्याँ सोडून बाकी कोणाच्या मृत्यूची तारीख बदलायची नाही. फिलिप जानेवारी १३२२ मध्ये मरतो, तेव्हा ज्याँ पाच वर्षांचा आहे. कारभार शार्लकडे जातो. शार्ल फेब्रुवारी १३२८ मध्ये मरतो, तेव्हा ज्याँ अकरा वर्षांचा आहे. म्हणजे जो फिलिप व्हालुआ प्रत्यक्षात राजा झाला, त्याच्या वाट्याला माझ्या कथेत दोन-एक वर्षांचे कारभारीपण येते, आणि नंतर सही-शिक्का एका पोराच्या हाती देऊन त्याला मुकाट्याने बाजूला व्हावे लागते. हे पात्र मला फार आवडू लागले आहे. पिरेनीज डोंगरातले नाव्हारचे छोटे राज्य प्रत्यक्षात १३२८ मध्ये जानला मिळाले, ते इथे ज्याँकडेच राहते. त्यामुळे तिचा मुलगा, ज्याला पुढे 'दुष्ट शार्ल' म्हटले गेले, राजा होतच नाही.

आता अडचण. खर्डा वाचलेल्या दोघांचे म्हणणे असे, की ज्याँ जगला की इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डचा फ्रान्सच्या गादीवरचा दावा आपोआप संपतो, शंभर वर्षांचे युद्ध होत नाही आणि माझी कथा सुखान्त वंशावळ होऊन बसते. एडवर्डचा दावा त्याची आई इझाबेला हिच्याकडून होता आणि ती लुईचीच बहीण, हे खरे. भावाचा मुलगा जिवंत असताना बहिणीच्या मुलाला कोण विचारतो? तरीही मला वाटते की युद्धाचे मूळ गादीत नव्हते. ते नैर्ऋत्य फ्रान्समधल्या आक्वितेनमध्ये होते, कारण १२५९ च्या पॅरिस तहाने इंग्लंडचा राजा तिथल्या मुलखापुरता फ्रान्सच्या राजाचा मांडलिक ठरला होता, आणि एका राजाने दुसऱ्यापुढे गुडघे टेकण्याची ती व्यवस्था कधीच नीट चालली नाही. हे माझे मत बरोबर आहे का, आणि असल्यास एडवर्डला फ्लँडर्सची (आजच्या बेल्जियमकडची) शहरे आपल्या बाजूला कशी वळवता येतील, हे दोन प्रश्न जाणकारांपुढे ठेवतो.

प्रतिसाद १

आपले मत बरोबर आहे, असे मला वाटते. गादीचा वाद नसतानाही त्या मुलखावरून १२९४ मध्ये आणि पुन्हा १३२४ मध्ये लढाई झालीच होती. दुसऱ्या वेळचे निमित्त पाहा : सँ-सार्दो येथे फ्रेंच राजाच्या नावाने तटबंदीचे नवे गाव वसवण्याचे ठरले, तेव्हा इंग्लंडच्या बाजूच्या एका स्थानिक सरदाराने ती जागा जाळली आणि राजचिन्ह लावलेल्या खांबावरच फ्रेंच राजाच्या अधिकाऱ्याला फाशी दिले. एवढ्याशा खेड्यावरून दोन राज्ये लढली. आपल्या कथेत शंभर वर्षांचे युद्ध १३३७ मध्येच पेटण्यासाठी असा एखादा खांब पुरेसा आहे.

प्रतिसाद २

फ्लँडर्सबाबत मात्र आपल्याला खरी अडचण येणार आहे. गेंट, ब्रूज आणि ईप्र या शहरांचे माग इंग्लिश लोकरीवर चालत, त्यामुळे १३३६ मध्ये एडवर्डने लोकर अडवली तेव्हा विणकरांचे हाल झाले. ही फास आवळण्याची युक्ती आपल्या कथेतही चालेल. परंतु फ्रान्सच्या राजाविरुद्ध शस्त्र उचलल्यास धर्मबहिष्कार आणि मोठा दंड, अशा अटींनी ती मंडळी बांधलेली होती. एडवर्डने जानेवारी १३४० मध्ये गेंटला स्वतःलाच फ्रान्सचा राजा म्हणवून घेतले, त्यामागे ही गाठ सोडवण्याचा हेतू होता, कारण मग ते 'खऱ्या' राजाच्या बाजूने लढत आहेत असे म्हणता येत होते. ज्याँ जिवंत असेल तर ही पळवाट बंद होते. लोकरीसाठी शहरे तटस्थ राहतील, पण उघड उतरणार नाहीत, आणि आपले युद्ध नैर्ऋत्येला, आक्वितेनपुरते राहील.

आणखी एक. काकाने पुतण्याला मारले असा पुरावा नाही. त्या काळी अफवा उठली ती फिलिपच्या सासूबाईंविषयी, आर्त्वाच्या माओविषयी. तिला कथेत ठेवा, पण तिच्या हातून काही करवू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. युद्ध आक्वितेनपुरते ठेवले तर पन्नास पाने वाचतात, शिवाय माओबाई नुसत्या पाळण्याजवळ उभ्या राहिल्या तरी वाचकाच्या पोटात गोळा येईल. कोणी तरी सिएनाच्या त्या व्यापाऱ्याची आठवण करून देईल म्हणून आधीच सांगतो : १३५४ मध्ये रोमचा पुढारी कोला दि रिएन्झो याने ज्यानीनो नावाच्या माणसाला, पाळण्यात बाळे बदलली गेली आणि खरा ज्याँ तूच, असे पटवून दिले होते. तो बिचारा आयुष्यभर राज्य मागत फिरला. त्याला मी मुद्दाम घेतलेले नाही, कारण माझ्याकडे खरा ज्याँ आहे.

आता एकच शंका उरते. जून १३२९ मध्ये एडवर्डने आमियाँच्या कॅथेड्रलमध्ये मांडलिकत्वाची शपथ घेतली, तो प्रसंग मी तसाच ठेवला आहे. फक्त समोर छत्तीस वर्षांच्या राजाऐवजी बारा वर्षांचा मामेभाऊ बसला आहे आणि एडवर्ड स्वतः सोळा वर्षांचा आहे. ती शपथ साधी की एकनिष्ठ (म्हणजे इतर सर्वांच्या आधी याच धन्याला बांधून घेणारी) हा प्रश्न तेव्हा लोंबकळत राहिला होता आणि १३३१ मध्ये एडवर्डने ती एकनिष्ठ मानल्याचे लिहून दिले. रिवाजाप्रमाणे मांडलिकाने आपले जोडलेले हात धन्याच्या दोन्ही हातांत द्यायचे असतात. राजा अज्ञान असताना ते हात कारभाऱ्याच्या हातात देत, की मुलाच्याच? मुलाच्याच हातात देत असतील तर सोळा वर्षांच्या मुलाचे मोठे हात त्या लहान हातांत मावणार नाहीत, आणि मला तो परिच्छेद तिथेच थांबवायचा आहे.