मदत हवी आहे: ब्लॉगसाठी ऑफलाइन लिखाण, ओपन लाइव्ह रायटर आणि फोटोंचं त्रांगडं

पाणपोई

नमस्कार मंडळी,

मी मुंबईतल्या जुन्या पाणपोयांवर ब्लॉग लिहिते. शेठ-सावकारांनी कुणाच्या तरी स्मरणार्थ बांधलेल्या दगडी पाणपोया. भातबाजारातलं केशवजी नाईकांचं कारंजं (१८७६) अनेकांना माहीत असतं, पण बाकीच्यांपुढे कुठे टपरी उभी असते, कुठे स्कूटर लावलेल्या असतात. एका लेखाला पंधरा-वीस फोटो सहज लागतात. वरचा शिलालेख, तोट्या, गोमुख, गुरांसाठी केलेली खालची कुंडी. मजकूरही लांबलचक असतो, कारण शिलालेख वाचून दाखवायचा म्हणजे अक्षरन् अक्षर टंकावं लागतं.

अडचण नेटची आहे. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, आता नव्या इमारतीत ताबा मिळालाय. पण बिल्डरने एकाच केबलवाल्याला आत येऊ दिलंय आणि पावसाचे चार थेंब पडले की त्याची लाइन झोपते. मोबाइलचा हॉटस्पॉट लावावा तर घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. म्हणजे लॅपटॉप ओट्यावर, शेजारी मिसळणाचा डबा आणि मी उभ्याने ब्लॉग लिहितेय. ब्राउझरमध्ये निम्मा लेख झाला की 'जतन करता आले नाही' अशी लाल पट्टी येते आणि मग मी जीव मुठीत धरून कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करते.

पूर्वी विंडोज लाइव्ह रायटर वापरायचे, म्हणजे नेटशिवाय लेख लिहून मग ब्लॉगवर पाठवायचा प्रोग्राम. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की ठाण्यापर्यंत एक परिच्छेद व्हायचा, पारसिकच्या बोगद्यात रेंज गेली तरी कशाला फिकीर नाही. जुना लॅपटॉप आता शेवटच्या घटका मोजतोय. त्यात माझे बरेच अर्धवट मसुदे आहेत. नवीन लॅपटॉप विंडोज ११ चा.

तर प्रश्न असे. लाइव्ह रायटर अजून मिळतो का, की ओपन लाइव्ह रायटर घ्यायचा? जुने मसुदे नव्या लॅपटॉपवर कसे आणायचे? त्यांच्या फाइली नोटपॅडमध्ये उघडल्या तर नुसती चौकटी-चौकटींची रांगोळी दिसते. ब्लॉगर डॉट कॉमवर त्यातून फोटो जात नाहीत असं वाचलंय, ते खरं का? शिवाय मी नवा ब्लॉग स्वतःच्या डोमेनवर वर्डप्रेसमध्ये सुरू केलाय, तिथे हे चालेल का?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. 'फायबर घे' हा सल्ला कृपया नको, तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये देऊन झालाय.

खिडकीवाला

एवढा खटाटोप कशाला? वर्डमध्ये लिहायचं, नेट आलं की चिकटवायचं. वर्डमध्ये २००७ पासून थेट ब्लॉगवर टाकायची सोयही आहे.

रद्दीवाला

@खिडकीवाला, वर्डमधून चिकटवलेला एखादा मराठी लेख एचटीएमएल दृश्यात (पानामागचा कोड दिसतो तिथे) उघडून बघा. प्रत्येक परिच्छेदाला वर्डची स्वतःची शेपटं, फाँटचं नाव, आकार, ओळींमधलं अंतर, सगळं सोबत येतं. संगणकावर बरं दिसतं आणि मोबाइलवर अर्धी ओळ मंगलमध्ये, अर्धी भलत्याच फाँटमध्ये. वर्डमध्ये लिहायला हरकत नाही, पण चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही, म्हणजे नुसता मजकूर. मग ठळक, तिरपं, दुवे हे परत हाताने करायचं.

@पाणपोई ताई, आता तुमचं.

मूळ विंडोज लाइव्ह रायटर विसरा. त्याची शेवटची आवृत्ती २०१२ ची, आणि तो ज्या विंडोज एसेन्शियल्स संचात यायचा त्याला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये निरोप दिला. त्याआधीच, डिसेंबर २०१५ मध्ये, त्याचा कोड खुला केला गेला आणि ओपन लाइव्ह रायटर आला. घाईचं कारण गूगल होतं. गूगलने लॉगिनची जुनी पद्धत २०१५ मध्ये बंद केली आणि मूळ रायटरला ब्लॉगरचं दार लागलं. ओपन लाइव्ह रायटर फुकट आहे आणि फक्त विंडोजवर चालतो. विकास मात्र मंदावलाय, २०१७ ची ०.६.२ आवृत्तीच बहुतेकांकडे दिसेल. त्यामुळे त्याच्याकडून नवलाईची अपेक्षा नको. लिहायला आणि पाठवायला पुरेसा आहे.

मसुदे: डॉक्युमेंट्समध्ये 'माय वेब्लॉग पोस्ट्स' नावाचा फोल्डर शोधा. आत 'ड्राफ्ट्स' आणि 'रीसेंट पोस्ट्स' असे दोन असतील. अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि नव्या लॅपटॉपवर त्याच जागी ठेवा. मसुद्यांच्या त्या डब्ल्यूपोस्ट फाइली म्हणजे एकेक गाठोडं आहे, मजकूर आणि लावलेले फोटो एकत्र बांधलेले. म्हणूनच नोटपॅडला त्या कळत नाहीत. रायटरमधून उघडायच्या.

फोटो: तुम्ही वाचलंत ते खरं. लाइव्ह रायटर ब्लॉगरसाठीचे फोटो पिकासा वेब अल्बममध्ये (गूगलची फोटो ठेवायची जुनी सेवा) चढवायचा आणि लेखात त्यांचा पत्ता घालायचा. पिकासाचं ते दार गूगलने २०१९ मध्ये बंद केलं. ब्लॉगरच्या सध्याच्या एपीआयमध्ये, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेल्या दारात, फोटो चढवायची सोयच नाही, तेव्हा रायटरच्या नावाने बोटं मोडून उपयोग नाही. मी स्वतः असं करतो: मजकूर पूर्ण रायटरमध्ये लिहायचा, जिथे फोटो हवा तिथे ठळक अक्षरात «गोमुख, डावीकडून» अशी खूण करायची. लेख 'मसुदा म्हणून ब्लॉगवर पाठवा' हा पर्याय वापरून चढवायचा. प्रसिद्ध करायचा नाही. मग चांगलं नेट मिळेल तेव्हा, ऑफिसात म्हणा किंवा मैत्रिणीकडे, ब्लॉगरमध्ये तोच मसुदा उघडून खुणांच्या जागी फोटो घालायचे.

फोटो आधी बारीक करून ठेवा. मोबाइलमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला तर ओट्यावर उभं राहून पाय दुखतील. इरफानव्ह्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात बॅच कन्व्हर्जन आहे. सगळे फोटो निवडा, लांब बाजू १६०० पिक्सेल द्या, एका फटक्यात काही शे केबीवर येतात. शिलालेखाचा फोटो मात्र मोठाच ठेवा. लोक अक्षरं मोठी करून बघतात.

पाणपोई

रद्दीवाला, शतशः धन्यवाद! फोल्डर सापडला. ज्या मसुद्याची आशा सोडली होती तोही त्यात आहे.

आता वर्डप्रेसचं. नव्या ब्लॉगचं खातं ओपन लाइव्ह रायटरमध्ये जोडायला गेले तर पत्ता, नाव, पासवर्ड घेतो आणि शेवटी ४०३ (प्रवेश नाही) असा त्रुटी क्रमांक दाखवतो. पासवर्ड बरोबर आहे, ब्राउझरमधून त्यानेच आत जाते. होस्टिंगवाल्याला फोन केला तर 'मॅडम, आमच्या बाजूने सगळं ओके आहे' एवढंच.

रात्रपाळी

मी सर्व्हर सांभाळायचं काम करतो. 'आमच्या बाजूने ओके' हे आम्ही न बघताही सांगतो, मनावर घेऊ नका.

तुमच्या साइटच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन एक्सएमएलआरपीसी डॉट पीएचपी (रोमन छोट्या लिपीत, मधे जागा न सोडता) टाका आणि ब्राउझरमध्ये उघडा. 'हा सर्व्हर फक्त पोस्ट विनंत्या स्वीकारतो' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली तर दार उघडं आहे. तिथेही ४०३ आलं तर कुणीतरी बंद केलंय. तुमच्या बाबतीत बहुधा बंदच केलेलं असणार.

रायटरसारखे प्रोग्राम याच फाइलमधून वर्डप्रेसशी बोलतात. वर्डप्रेसमध्ये ती ३.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ च्या अखेरीपासून, मुळातच चालू असते. पण तिचा गैरवापरही भरपूर होतो. पूर्वी एकाच विनंतीत शेकडो पासवर्ड आजमावून बघता यायचे, पिंगबॅकच्या (एका ब्लॉगने दुसऱ्याचा दुवा दिल्याची आपोआप जाणारी सूचना) आडून दुसऱ्यांच्या साइटवर मारा करता येतो. म्हणून होस्टिंगवाले नाहीतर सुरक्षेचं प्लगइन तिला कुलूप घालतं. आधी आपलं प्लगइन बघा, त्यात एक्सएमएल-आरपीसी बंद असल्याची खूण असेल. तिथे नसेल तर होस्टिंगला फोन नको, तिकीट टाका आणि नेमकं लिहा: 'ही फाइल सर्व्हरच्या पातळीवर अडवली आहे का? असल्यास माझ्या साइटपुरती उघडा.' लेखी प्रश्नाला कुणीतरी फाइल उघडून बघतं.

उघडून मिळाली की तुमचा नेहमीचा पासवर्ड रायटरमध्ये देऊ नका. वर्डप्रेस ५.६ पासून प्रोफाइलच्या पानावर खाली 'ॲप्लिकेशन पासवर्ड' आहे. नाव द्या, चोवीस अक्षरांचा पासवर्ड मिळेल, तो रायटरला द्या. लॅपटॉप हरवला तर तेवढाच रद्द करायचा. साइट एचटीटीपीएसवर हवी, नाहीतर तो विभाग दिसणार नाही.

वर्डप्रेसवर फोटो थेट रायटरमधूनच जातात, तिथे पिकासाची भानगड नाही.

तिसरी घंटा

एक सावधगिरी, कुणी सांगितली नाही म्हणून. खातं जोडताना रायटर विचारतो, 'तुमच्या ब्लॉगची थीम उतरवून घेऊ का? त्यासाठी एक तात्पुरता लेख टाकावा लागेल.' हो म्हटलं की तो खरोखरच ब्लॉगवर एक लेख प्रसिद्ध करतो, त्यावरून रंग-फाँट ओळखतो आणि लेख पुसतो. मधेच नेट गेलं तर पुसायचं राहतं. मग ब्लॉगवर इंग्रजी शीर्षकाचा आणि लांबलचक सांकेतिक क्रमांकाचा एक लेख लटकत राहतो. आत लिहिलेलं असतं की हा तात्पुरता लेख आहे, पुसला गेला नाही, कृपया हाताने पुसा. ईमेलने वाचणाऱ्यांना तो पोचू शकतो. ताईंच्या नेटचं वर्णन वाचता सरळ नाही म्हणावं. थीमवाचूनही लिहिता येतं.

अवांतर: वर्डप्रेसमध्ये रायटरचा लेख उघडला की सगळा मजकूर एकाच 'क्लासिक' ब्लॉकमध्ये दिसेल. घाबरू नका, 'ब्लॉकमध्ये रूपांतर करा' असं बटण असतं.

खिडकीवाला

वाचनखूण साठवली. माझा वर्डचा सल्ला मागे घेतो, पण अर्धाच.

एक वाचक

माझं थोडं वेगळं मत. रायटर वापरा, पण मूळ प्रत त्यात ठेवू नका. उद्या तो प्रोग्राम बंद पडला तर ती गाठोडी कशाने सोडणार? मी लेख साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहितो, तारीख आणि रोमन नाव देऊन. रायटरकडे काम फक्त पाठवणीचं.

मराठीसाठी एक अडचण असते. जुन्या विंडोजमधलं नोटपॅड मूळ सेटिंगने 'आन्सी'मध्ये (देवनागरी न मावणारी जुनी अक्षरपद्धत) जतन करायचं आणि इशाऱ्याकडे लक्ष न देता ओके दाबलं की देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून ते यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरी मावणाऱ्या पद्धतीत, जतन करतं. तुमचं ११ आहे, तिथे चिंता नाही. जुन्या लॅपटॉपवर काही लिहिणार असाल तर जतन करतानाच खालच्या चौकटीत यूटीएफ-८ निवडा.

आणि शिलालेख टंकताना 'ऱ्य' नीट उमटत नसेल तर इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे ने ऱ, मग हलन्त, मग य. कुठूनतरी चिकटवलेलं अक्षर वापरलंत तर त्यात न दिसणारी जोडखूण असू शकते आणि ब्लॉगच्या शोधात तो शब्द सापडत नाही.

पाणपोई

सगळ्यांचे आभार. स्थिती सांगते. सुरक्षेच्या प्लगइनमध्येच कुलूप होतं, ते काढल्यावर रात्रपाळींनी सांगितलेली ओळ दिसली. ॲप्लिकेशन पासवर्डने खातं जोडलं, थीमला नाही म्हटलं. भायखळ्याच्या एका पाणपोईचा लेख फोटोंसकट वर्डप्रेसवर गेला. फोटो आधी बारीक केले होते, तरी खिडकीशीच उभी होते.

जुन्या ब्लॉगरवर मात्र एक गोष्ट खुपते. शीर्षक मराठी असलं की लेखाचा पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा, असाच बनतो. सगळे लेख सारखेच. दुवा पाठवला तर लोकांना वाटतं मी तोच तोच लेख पाठवतेय. रायटरमधून पत्ता ठरवता येतो का?

रद्दीवाला

ब्लॉगरसाठी नाही. पत्ता शीर्षकातल्या रोमन अक्षरांवरून बनतो, देवनागरी तो गाळून टाकतो. पण तुम्हाला फोटोंसाठी ब्लॉगरमध्ये जायचंच आहे. तेव्हा प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडे 'पर्मालिंक' (लेखाचा कायमचा पत्ता) मध्ये 'कस्टम' निवडा आणि रोमन छोट्या अक्षरांत, मधे आडव्या रेघा देऊन पत्ता लिहा. काही लोक आधी रोमन शीर्षकाने प्रसिद्ध करून मग मराठी करतात, पत्ता तोच राहतो. पण फीडमधून वाचणाऱ्यांकडे रोमन शीर्षक जाऊ शकतं, म्हणून मला ते आवडत नाही.

जुन्या लेखांचा पत्ता बदलायचा तर लेख परत मसुदा करावा लागेल आणि जुने दुवे तुटतील. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये 'कस्टम रीडायरेक्ट्स' आहे, तिथे जुना पत्ता आणि नवा पत्ता जोडून द्या. सगळे लेख करायच्या भानगडीत पडू नका, जास्त वाचले जाणारे तेवढे करा. आणि हात लावायच्या आधी त्याच सेटिंग्जमधून 'सामग्रीचा बॅकअप' घ्या, एक्सएमएल फाइल उतरते. त्यात मजकूर आणि प्रतिसाद येतात, फोटो नाहीत, त्यांचे फक्त पत्ते. फोटोंचा मूळ संच तुमच्याकडेच हवा.

पाणपोई

फोटो दोन हार्ड डिस्कवर आहेत. रीडायरेक्ट केशवजी नाईकांच्या लेखापासून सुरू करते, अडले तर इथेच विचारेन.