आंब्याच्या ऑर्डरींचं अँड्रॉइड ॲप आहे, आयफोनचं पण करू का?

फळबाजार_तुर्भे

नमस्कार मंडळी. एपीएमसीच्या फळ मार्केटात आमचा गाळा आहे. आडतीचं वडील बघतात. मी घरपोच हापूस सुरू केलाय, सध्या ठाणे आणि नवी मुंबईपुरता. नेरुळच्या दोन मुलांकडून अँड्रॉइड ॲप करून घेतलं, ॲप कोटलिन भाषेत लिहिलंय, ऑर्डरींचा डेटा गूगलच्या फायरबेसवर. गिऱ्हाईक पेटी किंवा डझन निवडतं, तयार हवा की कच्चा ते सांगतं, यूपीआयने पैसे देतं. डिलिव्हरीच्या पोरांना त्याच ॲपमध्ये वेगळं लॉगिन आहे.

ॲप बरं चाललंय. पण घोडबंदरला हिरानंदानी इस्टेट, इकडे पाम बीच रोडचे टॉवर, तिथून सारखे फोन येतात की तुमचं ॲप सापडत नाही. विचारलं तर आयफोन निघतो. मुलं म्हणतात, भारतात ९५ टक्के अँड्रॉइड आहे, पाच टक्क्यांसाठी कशाला एवढा खर्च? वर आयफोनसाठी वेगळ्या ॲपचे दीड लाख सांगितलेत. पाडव्याच्या आत व्हायला हवं, नाहीतर यंदाचा सीझन गेला. करू की नको?

महापे_कँटीन

दोन वेगळी ॲप कशाला? फ्लटरमध्ये एकदा लिहा, दोन्हीकडे चालतं. आमच्याकडे नवीन प्रोजेक्ट कोणी वेगवेगळे लिहीतच नाही आता. दीड लाखात अख्खं ॲप नव्याने होईल.

पाचपाखाडी

दादा, ९५ चा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या गिऱ्हाइकांचा नाही. स्टॅटकाउंटरसारख्या आकडेवारी काढणाऱ्या साइट तो काढतात कुठल्या फोनवरून किती वेबपानं उघडली गेली त्यावरून, आणि तोही सगळ्या देशाचा. त्यात गोंदिया आलं, गुवाहाटी आलं. तुम्हाला हवा तो माणूस मार्चमध्ये डझनाला हजाराच्या वर मोजणारा आहे. त्याच्या हातात कुठला फोन आहे हे तुमच्या मुलांनी बघितलंय का?

अमेरिकेत निम्म्याहून जास्त फोन आयफोन आहेत, जगाचा हिशोब केला तर अँड्रॉइड सत्तर टक्क्यांच्या आसपास. तरी इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये आलं ते फक्त आयफोनवर. अँड्रॉइडवाल्यांना एप्रिल २०१२ पर्यंत वाट बघावी लागली. आजही डाउनलोड गूगलच्या प्ले स्टोअरवर जास्त होतात आणि लोकांचा पैसा ॲपलच्या ॲप स्टोअरवर जास्त खर्च होतो. आधी कुठलं ॲप लिहायचं हे पैसे देणारा कुठे बसलाय त्यावरून ठरतं, डोकी मोजून नाही.

आता याच्या उलट उदाहरण. मी महाप्याला मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये कामाला लागले तेव्हा नोकियाचे लुमिया, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर चालणारे फोन, जोरात होते. ठाणे-वाशी लोकलच्या डब्यात आयफोनपेक्षा रंगीत पाठीचे लुमियाच जास्त दिसायचे. फोन छान होता, स्वस्तातलाही सुरळीत चालायचा. पण क्लायंटला विंडोज फोनचं ॲप विकायला गेलं की तो विचारायचा, अमेरिकेत किती लोक वापरतात? तिथे वापरत नव्हते. म्हणून ॲप येत नव्हती, ॲप नाहीत म्हणून लोक फोन घेत नव्हते. इन्स्टाग्राम तिथे पोचलं नोव्हेंबर २०१३ मध्ये, तेही बीटा म्हणून, आणि स्नॅपचॅट कधी आलंच नाही. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदाच विकत घेतला, त्यानेही काही झालं नाही. २०१९ संपताना व्हॉट्सॲपनेही त्या फोनांवरचं काम थांबवलं.

मग भारतात पाचेक टक्क्यांवर असलेला आयफोन का टिकला, आणि इथल्या प्रत्येक बँकेचं ॲप त्यावर का आहे? एक तर हा वाटा फक्त इथला छोटा आहे, बाहेर नाही. त्यामुळे साधनं, लायब्ररी, शिकलेली माणसं सगळं तयार मिळतं. आणि दुसरं, ज्याच्या खात्यात पैसे जास्त त्याला बँक दारातून परत पाठवत नाही. मुलांनी पाच टक्के ऐकले, पण हे पाच टक्के कोण ते नाही विचारलं.

एवढं बोलून मी सांगणार आहे की आयफोनचं ॲप यंदा करू नका. 😀

सीझन तुमचा मार्च ते मे. ॲपलच्या डेव्हलपर खात्याचे वर्षाला ९९ डॉलर, आणि नूतनीकरण थांबवलं की ॲप स्टोअरवरून जातं. गूगलचे एकदाच २५ डॉलर, ते तुम्ही भरून मोकळे झालात. पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वर्षातून एकदा आंबा मागवायला कोणी ॲप उतरवून घेत नाही, आणि घेतलं तरी जूनमध्ये काढून टाकतं. मी तरी काढते.

गिऱ्हाइकाची बाजू साध्या वेबपानावर न्या. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवा, कुठल्याही फोनवर उघडेल. मागे फायरबेस आहे तेच राहू दे. पोरांचं ॲप अँड्रॉइडवरच ठेवा, त्यांच्यात आयफोनवाला कोणी नसणार.

मिंत्राने मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲपवर यायचं धाडस केलं होतं. २०१६ मध्ये परत वेबसाइट सुरू करावी लागली. आपण तर आंबे विकतोय.

आणि महापे_कँटीन, फ्लटर चांगलंच आहे, मी स्वतः वापरते. पण चालू असलेलं कोटलिन फेकून पाडव्याच्या तोंडावर सगळं नव्याने? शिवाय आयफोनसाठी ॲप तयार करून काढायला शेवटी मॅक आणि त्यावरचं ॲपलचं एक्सकोड सॉफ्टवेअर लागतंच. नेरुळच्या त्या दोन मुलांकडे मॅक आहे का ते आधी विचारा.

खारेगाव_खाडी

ताईंशी अर्धा सहमत. माझं सगळं काम अमेरिकन क्लायंटचं, तिथे आधी आयफोन, अँड्रॉइड सहा महिन्यांनी झालं तर झालं. त्यामुळे पैसेवाला गिऱ्हाईक हा मुद्दा पटला. पण वेबपानावर नोटिफिकेशनचं काय? "तुमची पेटी निघाली" हे आयफोनवर कसं कळवणार?

पाचपाखाडी

आयओएस १६.४ पासून, म्हणजे मार्च २०२३ पासून, वेबपानालाही पुश नोटिफिकेशन येतं, पण माणसाने ते पान होम स्क्रीनवर ठेवलेलं असेल तरच. कोणी ठेवणार नाही. व्हॉट्सॲप मेसेज टाका की, लोक तोच वाचतात.

नोटिफिकेशनची खरी डोकेदुखी तुमच्या ९५ टक्क्यांतच आहे. अँड्रॉइड म्हणजे एक फोन नव्हे. बऱ्याच कंपन्या बॅटरी वाचवायला मागचं ॲप परस्पर बंद करतात. मग डिलिव्हरीचा पोरगा कोपरखैरण्याला चहा पीत उभा असतो आणि नवीन ऑर्डर त्याला दिसतच नाही. ऑटोस्टार्ट चालू करा, बॅटरीचं बंधन काढा, आणि हे प्रत्येक कंपनीच्या सेटिंगमध्ये वेगळ्या जागी. मोठा वाटा म्हणजे मोठी टेस्टिंग. आयफोनवर मोजकी मॉडेलं, आणि बहुतेक लोक नवीन आवृत्तीवर. दोन ॲपचा खर्च मांडताना हे कोणी मांडत नाही. दीड लाख कशाचे, ते मुलांकडून फोडून घ्या.

फळबाजार_तुर्भे

ताई, पोरांच्या फोनचं अगदी तंतोतंत, मी समजत होतो की पोरं चुकारपणा करतात.

तुमचं ऐकून मुलांनी एक साधं पान टाकलं, भाव आणि पेट्यांचे फोटो एवढंच, आणि जुन्या गिऱ्हाइकांना लिंक पाठवली. कुठल्या फोनवरून उघडलं ते मागे दिसतं. ऐरोली, कळवा, कोपरखैरणे इथून जवळजवळ सगळे अँड्रॉइड. घोडबंदरच्या टॉवरांतून निम्म्याच्या वर आयफोन, आणि पाच डझनाची अख्खी पेटी घेणारे तेच. बाकीचे डझन-दोन डझनवाले. वडिलांना दाखवलं, ते म्हणाले हे मला गाळ्यावर बसून माहीत होतं.

आता मुलं म्हणतात, हेच पान डब्यात घालून आयफोनचं ॲप म्हणून टाकू, वीस हजारांत. चालेल?

पाचपाखाडी

नाही. नुसती वेबसाइट गुंडाळून दिली तर ॲप स्टोअरवर घेताना ॲपल लावतं त्या ४.२ नियमात अडकते, ॲपमध्ये स्वतःचं काहीतरी असावं लागतं. वीस हजार वाचवा.

पुढच्या वर्षी खरंच ॲप केलंत तर एक बरं आहे. आंबा खरी वस्तू आहे, त्यामुळे ॲपलचं कमिशन लागत नाही, यूपीआय सरळ घेता येतं. कोणी क्लासवाले हे वाचत असतील तर तुमचं तसं नाही. ॲपच्या आत व्हिडिओ लेक्चर विकलीत की स्टोअरचा वाटा आलाच, छोट्या धंद्याला १५ टक्के.

खातं मात्र स्वतःच्या फर्मच्या नावाने काढा, मुलांच्या नाही. गूगलचं कोणाच्या नावावर आहे ते आजच बघा. फर्मच्या खात्याला डन्स नंबर, म्हणजे फर्मचा ओळख क्रमांक, लागतो, त्याला वेळ जातो. आणि आता वैयक्तिक नवीन खातं काढायला जाऊ नका, प्लेवर आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं.

महापे_कँटीन

फ्लटरवाला मीच. हरलो, मान्य. पण पेमेंटचं एक सांगतो, कारण तिथे सगळे अडकतात. वेबपानावर यूपीआयची लिंक दिली की अँड्रॉइड विचारतं, कुठल्या ॲपने भरू, आणि यादी दाखवतं. आयफोन यादी दाखवत नाही, त्या लिंकवर हक्क सांगणारं कुठलंतरी एक ॲप उघडतो. घोडबंदरच्या काकूंचे पैसे जीपेमध्ये आणि उघडलं भलतंच, की त्या ऑर्डर सोडून देतात. तिथे प्रत्येक ॲपचं वेगळं बटण द्या, किंवा पेमेंट गेटवे घ्या.

फळबाजार_तुर्भे

गूगलचं खातं खरंच मुलांपैकी एकाच्या नावावर निघालं. उद्या नेरुळला जातोय. बटणांचं त्यांना आत्ताच कळवलं, त्यांच्याकडे आयफोन नाही म्हणे तपासायला. पहिली पेटी लागली की पाडव्याच्या आधी कोणाचा आयफोन तासभर मिळेल का, ठाण्यात किंवा वाशीत? डझनभर आंबे माझ्याकडून.

खारेगाव_खाडी

माझा घ्या. देवगड असेल तर दोन तास.