ड्रिलचा आवाज झाकायला कानात काय लावू?

ब-६०१: नमस्कार, ५०३ च्या टाइल्स फोडायचं काम अजून किती दिवस चालणारे? तक्रार नाही हां, उद्या माझ्याकडे काम निघालं तर मीही हेच करणारे, पण बुधवार-गुरुवार माझं घरून काम असतं आणि सकाळपासून डोक्यात कोणी खलबत्ता कुटतंय असं झालंय. पोरगी म्हणते बाबा ॲनिमेशन पिक्चरचं म्युझिक लाव, मूड एकदम मस्त राहतो. कोणी सांगेल का नेमकं काय लावू?

सेक्रेटरी काका: काम शुक्रवारपर्यंत. दुपारी २ ते ४ बंद ठेवायला सांगितले आहे. हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे, कृपया नोंद घ्यावी.

अ-२०४ काकू: अहो मग ड्रिल काय माझ्या माहेरचं आहे का, ते सोसायटीचंच काम की 😂

क-१०३: मी सांगते, जंगल जंगल!! रविवारी सकाळी दूरदर्शन, आंघोळ न करता टीव्हीसमोर आणि आई मागून ओरडतेय

ब-३०२: ते पिक्चरमधलं नाही ओ, सिरियलचं. आणि सिरियल मुळात जपानी, १९९३ ला आपल्याकडे आली तेव्हा गाणं गुलजारनी लिहिलं, चाल विशाल भारद्वाजची

क-१०३: जपानी?? मोगली आपला आहे!

ब-३०२: जंगल आपलं, गोष्ट साहेबाची, चित्रं जपानी आणि गाणं गुलजारचं. घ्या आता काय घ्यायचं ते

ब-६०१: लावलं तेच. चूक झाली. सलग चारदा ऐकलं आणि क्लायंटच्या मेलमध्ये चक्क 'चड्डी' टाइप झालं, नशीब पाठवायच्या आधी दिसलं

अ-७०२: काका शब्द असले की असंच होतं, आपण मनात गायला लागतो आणि लिहिताना दोन्ही शब्द एकमेकांच्या पायात येतात. बिनशब्दांचं लावा. ज्यो हिसाइशी सर्च करा, तोतोरो, किकी, स्पिरिटेड अवे या सगळ्या जपानी ॲनिमेशन पिक्चरांचं संगीत त्यांचंच. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकते ना, आमच्या अर्ध्या वर्गाची सुरुवात याच पिक्चरांनी झालीये. आणि गंमत म्हणजे हे त्यांचं खरं नावच नाही, खरं नाव मामोरू फुजिसावा. क्विन्सी जोन्स हा अमेरिकन संगीतकार आवडायचा म्हणून त्याच्यावरून घेतलं, हिसाइशी ज्या अक्षरांनी लिहितात ती 'कुइशी' पण वाचता येतात, म्हणजे क्विन्सी. आणि ज्यो म्हणजे जोन्स

अ-२०४ काकू: बाई गं, म्हणजे तिकडेही टोपणनावं. मी सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यानात चालायला जाते ती बाग पण जपानी धर्तीची, ओकायामाच्या बागेसारखी केलेली. उद्या तिथे इअरफोन लावून ऐकते, लिंक टाक

अ-७०२: टाकते काकू, तुम्ही 'वन समर्स डे' ऐका, स्पिरिटेड अवेच्या सुरुवातीला पियानो येतो तो. पाण्याजवळ बसून ऐका

ड-५०४: काम करताना पियानो म्हणजे झोप! २ ते ४ मध्ये तर विचारूच नका. मी एक्सेल उघडलं की 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन'मधलं 'टेस्ट ड्राइव्ह' लावतो, जॉन पॉवेलचं, २०१० चं. पोरगा ड्रॅगनवर बसून कागदावरच्या सूचना बघत बघत उडत असतो आणि शेवटी तो कागदच फेकून देतो, मग मनानेच उडवायला लागतो आणि तिथे सगळा वाद्यवृंद एकदम उघडतो. जीएसटीचं रिटर्न भरताना ऐका, आपणच उडतोय वाटतं

सेक्रेटरी काका: हा ग्रुप

सेक्रेटरी काका: लिंक मलाही पाठवा.

अ-४०१ काका: अ-७०२ ने पाठवलेल्या लिंकांमधले 'मेरी-गो-राउंड ऑफ लाइफ' ऐकले. हाऊल्स मूव्हिंग कॅसल, २००४. अहो हा तर दादरा ताल आहे! धा धी ना, धा ती ना. ते वॉल्ट्झ म्हणतात, तीनात मोजतात, आपण तीन-तीन जोडून सहा मात्रा धरतो. पहिल्या ठोक्यावर वजन आणि पुढचे दोन हलके, म्हणून पाऊल आपोआप उचलते. डायनिंग टेबलावर दोन बोटांनी धरून पाहा, पहिला ठोका अंगठ्याने. मी पोहे गार होईपर्यंत हेच करत होतो

अ-७०२: आजोबा कसलं भारी!! आणि अख्ख्या पिक्चरभर तीच एक चाल फिरते, कधी लगीनघाईत असल्यासारखी, कधी एकट्या पियानोवर. मी इतक्या वेळा पाहिलाय, बोटांनी मोजायचं कधी सुचलंच नाही

ब-६०१: धरून पाहिलं, जमतंय. मीटिंग म्यूटवर होती हे आधी तपासलं

ड-५०४: मग काका 'अप' पिक्चरमधलं 'मॅरिड लाइफ' पण ऐका, मायकल जियाकिनो, २००९, ऑस्कर मिळालंय त्या संगीताला. ते पण तीनातच आहे

क-१०३: अरे ते नको, मूड चांगला करायला मागितलंय त्यांनी! मी ते ऑफिसात ऐकून वॉशरूममध्ये जाऊन रडून आलेय. चार-पाच मिनिटांत संवाद नाही की काही नाही आणि अख्खा संसार होतो. ती रोज त्याचा टाय बांधते, सहलीसाठी काचेच्या बरणीत पैसे टाकतात आणि दर वेळी बरणी फोडावी लागते, कधी टायर, कधी छप्पर. सुरुवातीला ती चाल नुसती उड्या मारत असते आणि शेवटी ती गेल्यावर तीच चाल पियानोवर इतकी सावकाश येते ना

ड-५०४: अरे हो. काका सॉरी, मी विचार न करता टाकलं, हवं तर डिलीट करतो

अ-४०१ काका: राहू दे. ऐकतोय.

सेक्रेटरी काका: टँकर आला आहे. ब विंगच्या गेटसमोरची पांढरी गाडी कृपया ताबडतोब हलवावी.

ब-६०१: माझीच आहे, आलो आलो, कानात ड्रॅगन होता फोन ऐकू नाही आला

अ-२०४ काकू: आत्ता ड्रिल थांबलंय तर पेटी ऐकू येतेय कुठून तरी. अ-४०१ तुम्ही का हो? किती महिन्यांनी

अ-४०१ काका: हो. ही गेल्यापासून कपाटावरच होती. भाता थोडा गळतोय पण ती चाल काळी एकमध्ये छान बसते. त्रास होत असेल तर बंद करतो.

ब-६०१: बंद काय करताय काका, मी खाली टँकरजवळ उभा राहून ऐकतोय. फक्त ती सुरुवातीची जलद वाजवा हो, शेवटची नको

अ-४०१ काका: जलदच वाजवतोय. बोटं सावकाश चालतात त्याला मी काय करू.